दिवाळीच्या कागदावर शुभदाचं नाव

बुधवार, १ ऑक्टोबर १९९७. शारजा.

डेव्हिडभावजी नगरहून आज पोचले. त्यांच्याबरोबर आलेलं: बाजरीचं पीठ ५ किलो, रु. ४५. शेंगदाण्याची चटणी १ किलो, रु. ५५. हुलगे २ किलो, रु. ४०. केरसुणी १, रु. १०. रूथचे दोन फ्रॉक, रु. २४० (आईला कळवायला हवं, पोरगी आता फ्रॉक घालत नाही). जादा वजनाचे तीस दिरहम, म्हणजे तीनशे रुपये, ते निराळे. शिवाय एस्तेरबाईंच्या नावे एक पुडकं. प्रार्थनेच्या पुस्तिका २०, इंग्रजी, मोफत.

पुस्तिका चाळली. दिवाळीच्या आगेमागे पंधरा दिवस, रोज एकेका ठिकाणच्या हिंदू लोकांसाठी प्रार्थना करायची. बाराव्या दिवशी परदेशी राहणारे. त्यात गल्फचं नाव घातलंय. वाचून बरं वाटलं. इकडेही कुणाचं तरी लक्ष आहे म्हणायचं.

ह्यांना बरं वाटलं नाही. "वीस वीस पुस्तकं घरात? हे काय नगर आहे का? इथे कुणी पाहिलं तर व्हिसा जाईल. उद्याच्या उद्या पोचती कर, खलास."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रार्थना सभा एस्तेरबाईंकडेच. त्यांचा हॉल मोठा, आणि पुढारपणही त्यांचंच. बाराजणी होतो. पुस्तिका वाटल्या, पण सातजणींना इंग्रजी नीट वाचता येत नाही. ए.बाई म्हणाल्या, "करुणाबाई मॅट्रिक आहेत, अक्षरही सुरेख. बाराव्या दिवसाचं पान मराठीत उतरवून आणा. एका कागदात बसवा." सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मी म्हटलं, इन्शाल्ला. तोंडातून गेलंच. सगळ्या हसल्या, ए.बाई सोडून.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शुभदाकडे फराळाच्या ऑर्डरी सुरू. समोरचंच दार, ३०३. मी तिला हातभार लावायला जाते त्याला यंदा चौथं वर्ष. अबुधाबीच्या एका ऑफिसातूनच बावीस किलो चिवडा सांगितलाय. मिलिंदराव, तिचे मिस्टर, गाडीने पोचवणार. ती कढईवर, मी सोऱ्यावर, अशी आमची वाटणी ठरलेली. आज म्हणाली, "वहिनी, आज तुम्ही तळा. मी चकल्या पाडते."

"का गं?"

"तेलाचा वास नको वाटतोय."

मी झारा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे.

"तिसरा लागलाय. मिलिंदला माहीत, डॉक्टरणीला माहीत. आणि आता तुम्हाला."

आधीचे दोन गेले. दुसऱ्या वेळी तिच्या सासूबाईंनी, माईंनी, सांगलीत सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पुढे महिनाभर येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारायची आणि शुभदाने प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. म्हणून यंदा पाचवा लागल्याशिवाय कुणालाही नाही. माई रविवारी येताहेत दिवाळीला, व्हिजिट व्हिसावर. त्यांनाही नाही.

"शब्द द्या वहिनी."

दिला. दोघींचे हात पिठाचे. तसेच हातावर हात ठेवले.

प्रभू, हिला या वेळी दे.

रविवार, १२ ऑक्टोबर

माई आल्या. ठणठणीत बाई. जिन्यात भेटल्या तर पहिलंच वाक्य, "तुम्ही सलाम म्हणता ना एकमेकींना? मग सलाम." आम्हा ख्रिस्ती लोकांत सलाम म्हणतात हे शुभदाने सांगून ठेवलेलं दिसतंय. मला हसू आलं.

दुपारी पान उतरवायला बसले. इंग्रजी अवघड नाही. एका वाक्यावर अडले. परदेशात पैसा आणि सुखसोयी असूनही हे लोक अंधारात बसलेले आहेत, असं आहे. दिवाळीत हे वाक्य. माईंनी सांगलीहून आकाशकंदील आणलाय, तो नीट पेटतो का बघायला आत्ताच दारात लावलाय. आमच्या दाराच्या फटीतून तांबडा उजेड आत आलाय, चपलांवर.

दुसरा शब्द शोधला. मग म्हटलं, छापलेलं बदलणारी मी कोण. लिहिलं तसंच.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सभा. पान वाचून दाखवलं. ए.बाईंना आवडलं. म्हणाल्या, "पण आता नावं हवीत. नावाशिवाय प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पत्र. प्रत्येकीने आपल्या ओळखीचं एक हिंदू घर सांगा, करुणाबाई खाली लिहून घेतील. मग कागदाच्या प्रती काढू, म्हणजे घरी रोज तीच नावं सगळ्या घेतील."

एकेक सांगू लागली. शेजारी, नोकरीसाठी. मालकीणबाई, गुडघेदुखी. मुलांची मास्तरीण, तिला पगारवाढ मिळावी. (पगारवाढीसाठी प्रार्थना करायची का यावर दहा मिनिटं वाद. करायची असं ठरलं.) शेवटी माझी पाळी. मी लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचलं: शुभदा, तिसरा महिना, आधीचे दोन गेले.

सगळ्या हळहळल्या. एकीने डोळे पुसले. ए.बाई म्हणाल्या, "ही खरी गरज."

इथे आपल्याच बायका, आणि प्रार्थनेसाठी. हे काय कुणाला सांगणं नव्हे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ह्यांनी ऑफिसात झेरॉक्स काढून आणल्या, १२. कोरा कागद वापरायचा नाही असं मीच बजावलं होतं, म्हणून साइटच्या जुन्या याद्यांच्या पाठीवर काढल्यात. एका बाजूला सिमेंट आणि सळया, दुसऱ्या बाजूला आमची प्रार्थना. हे म्हणाले, "कागद घराबाहेर पडू देऊ नका म्हणावं." म्हटलं, बायबलातच राहतील.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सभेत फार चांगलं झालं. सगळ्यात जास्त वेळ शुभदाच्या नावाला. सुशीलाबाई (जालन्याच्या, हॉस्पिटलात नर्स) तर गुडघ्यांवरच बसल्या. घरी येताना पाय हलके.

समोर गेले तर शुभदा जिऱ्याचं पाणी घेऊन बसलेली. म्हणाली, "आज मळमळ कमी आहे हो." मनात म्हटलं, बघ.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी शुभदा डबा घेऊन दारात. "वहिनी, तुमचं नैवेद्याच्या आधीच काढून ठेवलं होतं." दरवर्षी ठेवते. आम्ही देवापुढचं खात नाही हे मी एकदाच, पहिल्या वर्षी, अडखळत सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

रूथ तिच्या दारात रांगोळीत रंग भरत होती. म्हटलं, फुलं काढ, बाकी काही नको. "मम्मी, इट्स जस्ट अ लोटस." बरं.

आज पुस्तिकेतला बारावा दिवस. पान वाचलं, नावं घेतली. त्या वाक्याशी येऊन जीभ अडली. घाईघाईने पुढे गेले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

काय लिहू.

सकाळी चर्चमधल्या उपासनेनंतर सुशीलाबाई आमच्याच गाडीतून आल्या. त्यांनी शुभदाकडे दोन किलो चिवडा सांगितला होता, तो न्यायचा होता. मीच म्हटलं, चला, फराळालाही बोलावलंय सगळ्यांना. मीच घेऊन गेले.

आत आठदहा माणसं. फराळाची गिऱ्हाईकं, दुबईचे दोघे नवराबायको, खालच्या मजल्यावरचे. शुभदा स्टुलावर उभी राहून वरच्या कपाटातून बशा काढत होती. सुशीलाबाईंनी दारातूनच पाहिलं आणि ओरडल्या, नर्सच ती, "अहो बाई, उतरा आधी! तिसऱ्या महिन्यात स्टुलावर चढतात का?"

माई सोफ्यावरून म्हणाल्या, "कोणाचा तिसरा?"

सुशीलाबाईंना काय कळणार. त्यांना वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं. जवळ जाऊन मोठ्याने, प्रेमाने, "तुमच्या सूनबाईंचा हो आजी! काळजी करू नका. आधीचे दोन गेले म्हणून काय झालं, आम्ही बाराजणी रोज नाव घेऊन मागतोय." आणि पर्समधून कागद काढून माईंच्या हातात.

माईंनी चष्मा लावला. "हे काय, सिमेंटचा हिशोब?"

"मागे बघा, मागे."

माईंनी उलटवला आणि वाचला. मोठ्याने. त्यांना तसंच वाचायची सवय असावी, बोट ठेवून. 'अंधारात बसलेले' आहे, तिथपासून. शुभदाच्या ओळीवर बोट थांबलं.

शुभदा स्टुलावरून हळूच उतरली. माझ्याकडे पाहिलं नाही. मिलिंदराव चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि म्हणाले, "काय झालं, सगळे गप्प का?"

माझ्या हातात करंजी होती. ती कुठे ठेवली आठवत नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

दोनदा बेल वाजवली. आत पावलं वाजली, दार उघडलं नाही. आकाशकंदील काढलाय. आज भाऊबीजसुद्धा आहे त्यांची.

हे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, कागद बाहेर जाऊ देऊ नका?" ह्यांना कागदाची काळजी. कागदाचं काहीच नाही हो.

सोमवार, ३ नोव्हेंबर

भेटली. लिफ्टमध्ये. मी भाजी घेऊन, ती क्लिनिकमधून. दार लागलं आणि तीच बोलली.

"वहिनी, अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"अंधारात बसलेले. चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून चकल्या केल्यात तुम्ही. दिसत होतं ना सगळं नीट?"

म्हटलं, ते माझं नाही गं, छापलेलं होतं. मी नुसतं उतरवलं.

"आणि खालची ओळ? तीही छापलेली होती?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना, वाईट चिंतलं का मी? तुझं चांगलं व्हावं म्हणूनच...

"मागच्या वर्षी रूथला टायफॉइड झाला. मी अकरा संकष्ट्या धरल्या तिच्यासाठी. चंद्र बघायला गच्चीवर जायचं म्हणजे दर वेळी वॉचमनकडे किल्ली मागायची, तो विचारणार काय काम, सांगायचं कपडे वाळत घालायचेत. उपाशीपोटी. कुणाला बोलले मी? तुम्हाला तरी बोलले?"

तिसरा मजला आला. ती बाहेर पडली. दार लागून लिफ्ट मला घेऊन परत खाली गेली.

संध्याकाळ. हे कसं घ्यायचं कळत नाही. माझ्या रूथसाठी कुणी दुसऱ्या देवाचे उपास केले हे एरवी ऐकलं असतं तर मी रागावले असते, चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायला गेले असते. आज राग शोधते आहे, सापडत नाही. अकरा म्हणजे अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत मी तिच्या घरी किती वेळा चहा घेतला असेन, आणि ती म्हणायची, मला नको, आत्ताच झाला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सभेत उभी राहिले. म्हटलं, सगळ्यांनी ते कागद मला परत द्या.

ए.बाई म्हणाल्या, "प्रार्थना कधी परत मागतात का करुणाबाई?"

"प्रार्थना नको. कागद द्या."

कुजबुज. एक म्हणाली, त्या बाईला राग आला म्हणजे प्रभू तिच्यात काम करतोय. मी म्हटलं, राग आला कारण मी शब्द मोडला. याच्यात प्रभूला आणू नका. आवाज चढला माझा. पाणी आणून दिलं कुणीतरी.

दहा कागद मिळाले, माझा धरून. सुशीलाबाईंचा माईंनी ठेवून घेतलाय. सुशीलाबाई सारख्या रडताहेत. त्यांचा काय दोष, गुप्त आहे हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. बारावा ए.बाईंचा. त्यांनी तो अबुधाबीच्या मंडळाला फॅक्स केलाय, मग फाइलला लावलाय. "तिथे चाळीस बाया आहेत," म्हणाल्या. खूश होत्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उपासनेनंतर एक अनोळखी बाई हात धरून, "तुम्हीच ना शारजाच्या करुणाबाई? मी खोर फक्कानची. तुमच्या त्या शुभदाबाई कशा आहेत? रोज नाव घेते मी."

डोंगरापलीकडे, समुद्राकाठी. तिथे आम्ही एकदा सहलीला गेलो होतो, एवढीच ओळख त्या गावाशी. आणि तिथल्या एका बाईला शुभदाचा महिना माहीत आहे.

म्हटलं, बरी आहे. हात सोडवून घेतला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शुभदाला काल हॉस्पिटलात नेलं. रक्त गेलं थोडं. वॉचमनकडून कळलं मला, वॉचमनकडून! सभेला गेले नाही.

डबा केला, मुगाची खिचडी, आणि बेल वाजवली. माईंनी दार उघडलं, साखळी तशीच. मी विचारलं, कशी आहे.

"आहे. बाळ आहे. झोपून राहायला सांगितलंय."

प्रभूची... पुढे म्हणवलं नाही.

माई म्हणाल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, तुमचा देव चांगला असेल. मी नाही म्हणत नाही. पण आमच्या घरातलं त्याला आम्ही सांगू. नजर लागते हो, इतक्या तोंडांतून नाव गेलं की."

नजर वगैरे काही नसते. मी लहानपणापासून शिकले आहे, रूथलाही तेच शिकवते. तरी जिना उतरून गेले आणि परत चढून आले, काही कारण नसताना. डबा परत आणला, ह्यांनी खाल्ला.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रार्थनेला बसता येत नाही. म्हणजे बसते. ह्यांचं, रूथचं, आईच्या डोळ्यांचं मागून होतं, मग तिच्या नावाशी येते आणि पुढे जाता येत नाही. घेतलं तर तिला नको आहे. न घेतलं आणि काही झालं तर?

रूथला माहीतच आहे सगळं. म्हणाली, "मम्मी, यू कॅन स्टिल प्रे. जस्ट डोन्ट पब्लिश." एक धपाटा दिला असता, पण बरोबरच बोलली. मग म्हणाली, शुभदा आँटीने माझ्यासाठी फास्ट केले ते मला माहीत होतं. मी उडालेच. "शी टोल्ड मी नॉट टू टेल. सो आय डिडन्ट."

तेरा वर्षांची पोर.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे सुटेल.

ए.बाईंनी फक्त नाव मागितलं होतं. शुभदा, एवढं पुरे होतं. देवाला महिना सांगावा लागत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांचे गुडघे आणि पगारवाढ चालली होती, आणि माझ्याकडे त्या सगळ्यांहून मोठं होतं. हळहळल्या तेव्हा मला बरं वाटलं. ए.बाई 'खरी गरज' म्हणाल्या तेव्हा तर जास्तच.

हे कुणाला सांगायचं? पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणतील क्षमा झाली. त्यांच्याकडून झाली तरी शुभदाकडून कुठे झाली.

मंगळवार, २ डिसेंबर

इथला राष्ट्रीय दिवस, सुटी. सगळ्या बिल्डिंगींवर झेंडे, मुलं गाड्यांचे हॉर्न वाजवताहेत. मी कचरा टाकायला खाली उतरले तर लॉबीत तीन बॅगा, पट्टे बांधलेल्या. माई खुर्चीवर. शुभदा दुसऱ्या खुर्चीवर, शाल घेऊन. पोट दिसतंय आता थोडं. प्रभू.

मिलिंदराव बॅगा गाडीत ठेवत होते. मला पाहून म्हणाले, "डॉक्टरणीने प्रवासाला हो म्हटलंय. बाळंतपण सांगलीलाच करायचं ठरलं." माईंनी मान हलवली, नमस्कारही नाही, सलामही नाही.

रूथ मागून धावत आली, शुभदाच्या गळ्यात पडली. शुभदा तिला म्हणाली, "येते हं. अभ्यास कर." आणि मग वर पाहिलं, माझ्याकडे. मी कचऱ्याची पिशवी हातात धरून. काही बोलायला तोंड उघडलं तोवर मिलिंदरावांनी "यल्ला, यल्ला, चला, विमान आहे" केलं.

गाडी वळेपर्यंत उभी होते. वॉचमन म्हणाला, भाभी, कचरा दे दो.

मंगळवार, ९ डिसेंबर

सभेला गेले, पाच आठवड्यांनी. ए.बाईंनी नाताळच्या तयारीचं सांगितलं, गायनांचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि आपली शुभदा, तिच्यासाठी..." मी म्हटलं, बाई, नको. तिने हो म्हटल्याशिवाय नको. ए.बाईंनी पुढची गोष्ट काढली. मागे बसलेल्या सुशीलाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या मनात तिचं नाव घेतच असणार. त्यांना मी काय थांबवणार.

संध्याकाळी मिलिंदराव लिफ्टपाशी. एकटेच, हातात हॉटेलचं पार्सल. पोचल्या दोघी, बरी आहे म्हणाले. मी सांगलीचा पत्ता मागितला. ते पार्सलकडे बघत म्हणाले, "विचारतो तिला. शुक्रवारी फोन करायचाय."

शनिवार, १३ डिसेंबर

दाराखालून एक चिठ्ठी. पत्ता. खाली मिलिंदरावांच्या अक्षरात: "लिहा म्हणाली. उत्तर देईन असं म्हणाली नाही."

लिहा म्हणाली.

रविवार, १४ डिसेंबर

चार वेळा लिहून पाहिलं. हे शेवटचं, पाकिटात घातलेलं. नक्कल इथे ठेवते, म्हणजे मी काय लिहिलं ते मला नंतर फिरवता येणार नाही.

प्रिय शुभदा हिस सप्रेम सलाम.

तू लिहा म्हणालीस, म्हणून लिहिते. माईंनी वाचलं तरी चालेल.

बारा कागद होते. दहा मी परत घेतले आणि स्वतः फाडले. एक माईंकडे आहे, तो त्यांचा. एस्तेरबाईंच्या फाइलमधला मागते आहे, अजून दिलेला नाही. त्यावरून अबुधाबीला फॅक्स गेला आणि तिथून खोर फक्कानला, ते माझ्या हाताबाहेर आहे. तिथल्या बायका अजून तुझं नाव घेत असतील. त्यांना थांबवता आलं नाही. त्यांचं मन वाईट नाही एवढं मी सांगू शकते.

अंधाराचं वाक्य छापलेलं होतं हे खरं. पण ते मला पटलं नव्हतं, आणि तरी मी लिहिलं, आपल्या चांगल्या अक्षरात. खालची ओळ कुणी मागितली नव्हती. इतर बायकांपेक्षा माझी गोष्ट मोठी वाटावी म्हणून मी ती लिहिली. हे तुला सांगायला मला सहा आठवडे लागले. तुझ्यासाठी केलं असं मी लिफ्टमध्ये म्हणाले, ते अर्धंच खरं होतं.

संकष्ट्यांबद्दल काय लिहावं कळत नाही. आमच्यात ते चालत नाही, हे तुला माहीत आहे. पण तू उपाशी राहिलीस. ते मी कुठे ठेवू मला सुचत नाही, म्हणून ते माझ्याजवळच ठेवलं आहे.

आता विचारायचं ते. त्या लिफ्टपासून मी प्रार्थनेत तुझं नाव घेतलेलं नाही. घ्यायला बसते आणि थांबते. पाचवा लागून गेला असेल. मी घेऊ का? एकटी, मनातल्या मनात, कुणाच्या कानावर न जाता. तू घ्या म्हणालीस तर घेईन. नको म्हणालीस तर घेणार नाही, असं आधीच्या तिन्ही पत्रांत लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा खोडलं. तसं मला जमेल की नाही, खरंच ठाऊक नाही. पण तुझं उत्तर काय आहे ते माहीत असताना मला प्रार्थनेला बसायचं आहे.

बाळाचं सांगू नकोस, सांगायचं नसेल तर. ह्यांच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स पाकिटामागे लिहिला आहे. घेऊ की नको, एवढं मात्र उलट टपाली कळव.

तुझी,
करुणावहिनी